एसीच्या कॉइलवर पुन्हा पुन्हा बर्फ धरतोय? गॅस भरायच्या आधी हे बघा

"गॅस संपलाय, भरावा लागेल." बर्फ धरलेल्या एसीखाली उभं राहून हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय, आणि सुरुवातीची काही वर्षं स्वतःही इतक्यांदा बोललोय, की आता ते कानावर पडलं की हात आपोआप फिल्टरकडे जातो. एका मोठ्या इमारतीतले स्प्लिट एसी सांभाळायचं काम माझ्याकडे आहे. बर्फाची तक्रार न आलेला एकही मोसम मला आठवत नाही. त्यातल्या बहुतेक तक्रारी गॅसला हात न लावता मिटल्या आहेत.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळून खर्च होत नाही. तो बंद नळ्यांमधून फिरत असतो. इनडोअरच्या कॉइलमध्ये द्रवाची वाफ होते, आउटडोअरमध्ये त्या वाफेचा पुन्हा द्रव होतो. मशीन वर्षानुवर्षं चाललं तरी त्यातला एक थेंबही कमी व्हायचं कारण नाही. कमी झालाच असेल तर तो कुठून तरी गळलाय. म्हणून "आमच्याकडे दर वर्षी गॅस भरावा लागतो" असं कुणी म्हणालं, तर एकतर गळती कुणी शोधलेलीच नाही, किंवा गॅस कधी कमी झालेलाच नव्हता.

लक्षणं

यातली दोन-तीन एकत्र दिसली तर ही पोस्ट तुमच्यासाठी आहे:

- एसी सुरू केल्यावर तासभर छान गारवा, मग हवेचा झोत हळूहळू मरतो. पंख्याचा आवाज येतो, पण हवा लागत नाही.
- पुढचं झाकण उघडलं की कॉइलच्या पातळ पत्र्यांवर पांढरा थर दिसतो, कधी अख्खी बर्फाची लादी.
- आउटडोअरला जोडलेल्या दोन तांब्याच्या पाइपांपैकी (एक जाड, एक बारीक) एकावर बर्फ.
- एसी बंद केला की थोड्या वेळाने इनडोअरमधून पाणी टपकायला लागतं. ड्रेन साफ असला तरी.
- सकाळी पुन्हा सुरू केला तर ठीक, रात्री पुन्हा तेच.

शेवटचं लक्षण सगळ्यांत फसवं. रात्रभर बंद राहिल्यावर बर्फ वितळतो, मशीन "बरं" होतं, आणि ज्याला बघायला बोलावलं तो आल्यावर काहीच सापडत नाही.

बर्फ येतो कुठून

पुढच्या सगळ्या तपासण्या एकाच गोष्टीवर उभ्या आहेत, म्हणून ती थोडी सविस्तर. कुठलाही द्रव किती तापमानाला उकळणार हे त्याच्यावरच्या दाबावर ठरतं. नव्या एसींमध्ये बहुधा आर-३२ नावाचा गॅस असतो. उघड्या हवेत, साध्या वातावरणाच्या दाबाला तो उणे ५१.७ अंश सेल्सियसला उकळतो. कॉइलमध्ये त्याच्यावर साधारण साडेनऊ बारचा दाब ठेवलेला असतो (एक बार म्हणजे साधारण वातावरणाच्या दाबाइतका), आणि त्या दाबाला तो सुमारे ५ अंशांवर उकळतो. दाब ८.१ बारवर आला की उकळणं ० अंशाला. त्याहून उतरला की शून्याखाली. (हे आकडे निरपेक्ष दाबाचे आहेत. गेजवर, म्हणजे दाब मोजायच्या मीटरवर, एक बार कमी दिसतो, कारण गेजचं शून्य म्हणजे आपल्या अवतीभवतीच्या हवेचा दाब.)

तेव्हा बर्फाचा अर्थ एवढाच: कॉइलमधला दाब इतका पडलाय की आतला द्रव शून्याखाली उकळतोय. आता दाब दोन कारणांनी पडतो. पहिलं, खोलीतली हवा कॉइलपर्यंत पुरेशी पोचत नाही. उष्णता नाही म्हणून द्रव उकळत नाही, वाफ कमी बनते, आणि कॉम्प्रेसर मात्र ओढतच राहतो. दुसरं, द्रवच कमी आहे, म्हणून वाफ कमी बनते, आणि कॉम्प्रेसर ओढतच राहतो. दोन्हींचा शेवट एकच, म्हणूनच निदान चुकतं.

पाणी कुठून येतं? खोलीतल्या हवेतून. एक टनाचं मशीन साधारण साडेतीन किलोवॅट उष्णता ओढतं. दमट दिवशी त्यातला पाव हिस्सा नुसत्या वाफेचं पाणी करण्यात गेला, तरी तासाला सव्वा लिटरच्या वर पाणी कॉइलवर जमतं. एरवी ते ड्रेनमधून निघून जातं. पत्रे शून्याखाली गेले की ते जागेवरच गोठतं, पत्र्यांमधल्या फटी बुजवतं, हवा आणखी अडते, दाब आणखी पडतो. एकदा सुरू झालं की ते स्वतःच स्वतःला वाढवत नेतं. (तसं पाहिलं तर हे यंत्र जन्मलंच ओलाव्यापायी. अमेरिकन अभियंता विलिस कॅरिअर यांनी १९०२ मध्ये न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी जी यंत्रणा आखली, ती दमटपणाने कागद फुगतो-आक्रसतो आणि रंग एकावर एक बसत नाहीत म्हणून.)

सगळ्यांत आधी: वितळू द्या

कूलिंग बंद करून नुसत्या पंख्यावर एसी चालू ठेवा. दोन-तीन तास लागू शकतात. बर्फ वितळायला उष्णता फार लागते. एक किलो बर्फाचं ० अंशाचं पाणी करायला ३३४ किलोज्यूल. तेवढ्यात तेच एक किलो पाणी २० अंशांवरून जवळजवळ उकळीला आलं असतं. म्हणून घाई करून उपयोग नाही. खाली टॉवेल आणि बादली ठेवा.

आणि खरवडू नका. हे मी स्वतः करून बसलोय. अगदी सुरुवातीच्या दिवसांत, कुणीतरी मागे उभं राहून "लवकर करा" म्हणत होतं आणि मी स्क्रू ड्रायव्हरने बर्फाची कपची उचकटायला गेलो. फस्स्. पांढरा धुरळा, बोटांना चटका, आणि अर्ध्या मिनिटात सगळं शांत. पत्र्यांच्या आत तांब्याची नळी असते, आणि तिची भिंत नखाएवढीही जाड नसते. त्या मशीनमधला सातशे ग्रॅमच्या आसपासचा द्रव खोलीत आला म्हणजे सुमारे सव्वातीनशे लिटर वायू झाला. शिवाय त्याचा रेणू हवेच्या सरासरी रेणूपेक्षा जवळपास पावणेदोन पट जड, त्यामुळे तो जमिनीलगत पसरून राहतो. खिडक्या उघडल्या, सगळ्यांना बाहेर काढलं. बर्फाची तक्रार होती, तिची गॅस गळतीची झाली, आणि ती माझ्या हातून.

कॉइल पूर्ण कोरडी झाल्यावरच पुढच्या तपासण्या करा. अर्धवट वितळलेल्या मशीनवर केलेलं कुठलंही माप खोटं येतं.

पहिली तपासणी: रिमोट

खर्च शून्य, वेळ एक मिनिट. तापमान १६ वर लावलंय का? पंखा सर्वांत कमी वेगावर आहे का? 'ड्राय' मोड रात्रभर चालू आहे का?

कॉइलच्या आतलं उकळण्याचं तापमान साधारणपणे खोलीच्या हवेपेक्षा पंधरा-वीस अंशांनी खाली राहतं. खोली २६ ला असेल तर कॉइल ८-१० च्या आसपास, सगळं निवांत. खोली १७ पर्यंत उतरली की कॉइल शून्याला टेकते. त्यात पंखा मंद असला तर टेकून खालीच जाते. १६ लावल्याने खोली लवकर गार होत नाही. साध्या, न बदलत्या वेगाच्या मशीनमध्ये तर कॉम्प्रेसर तेवढाच ओढतो, फक्त थांबत नाही.

बाहेर गारवा असलेल्या रात्रीही हेच होतं. आउटडोअरला गार हवा मिळाली की तिथला दाब पडतो, तिथून कॉइलकडे द्रव सोडणाऱ्या बारीक नळीतून ढकलला जाणारा द्रव कमी होतो, आणि आतली कॉइल उपाशी राहते. गॅस पुरेसा असूनही लक्षणं अगदी गॅस कमी असल्यासारखी. "फक्त पहाटे बर्फ धरतो" अशी तक्रार असेल तर तापमान २५-२६ ला, पंखा मध्यम वेगावर, असं दोन रात्री चालवून बघा. बऱ्याच जणांचं काम इथेच संपतं.

दुसरी: फिल्टर आणि हवेची वाट

फिल्टर काढून उजेडासमोर धरा. पलीकडचं दिसत नसेल तर उत्तर मिळालं. पाण्याने धुवा, सावलीत पूर्ण वाळवा, मग बसवा. ओला फिल्टर बसवला तर त्यावर धूळ चिकटून चार दिवसांत चिखलाचा थर होतो.

एसीची हवा वरून आत जाते. वर छताला चिकटून बसवलेला, समोर पडदा आलेला, डोक्यावर खोकी रचलेला, असा एसी फिल्टर कितीही धुतला तरी गुदमरतच राहणार. एक मशीन आठवतंय, त्याचा फिल्टर चकाचक होता, पण सजावट म्हणून त्याच्याभोवती जाळीदार लाकडी पेटी बसवली होती. बाहेर पडलेली गार हवा पेटीतच फिरून पुन्हा आत ओढली जात होती. एसी इमाने इतबारे पेटी थंड करत होता.

तिसरी: दोन थर्मामीटर

माझी सगळ्यांत आवडती तपासणी, आणि ती सगळ्यांत कमी लोक करतात. साधे डिजिटल थर्मामीटर दोन घ्या. आधी दोन्ही शेजारी ठेवून एकच आकडा दाखवतात का बघा. मग एक वर, हवा आत जाते तिथे, आणि दुसरा खाली, हवा बाहेर येते तिथे. एसी कूलिंगवर, पंखा पूर्ण वेगावर, पंधरा मिनिटं. बर्फ धरायच्या आधीच आकडे घ्यायचे.

फरक ८ ते १२ अंश आला तर मशीन ठीक काम करतंय. हवा फार दमट असेल तर थोडा कमी येईल, कारण बरीचशी ताकद पाणी गाळण्यात जाते. फरक १५ किंवा त्याहून जास्त आला तर खुश होऊ नका. याचा अर्थ हवा थोडी आहे आणि ती थोडी हवा अती गार होतेय. तुमचा आजार हवेचा आहे. फरक पाच-सहाच्या खाली असेल तर उष्णता ओढलीच जात नाही. मग आउटडोअर, कॉम्प्रेसर किंवा गॅस.

या एका मापाने पुढचा अर्धा गोंधळ टळतो. फरक मोठा येत असताना कुणी गॅस भरायला निघालं तर त्याला थांबवा.

चौथी: ब्लोअर

फिल्टर स्वच्छ, वाट मोकळी, तरी फरक १५ च्या वर? मग ब्लोअर. ही जागा सर्वाधिक वेळा सुटते, कारण ती झाकणाआड, खालच्या फटीत असते. इनडोअरच्या आत लांबलचक पिंपासारखं चाक फिरतं, त्याला अरुंद, आतल्या बाजूला वळलेल्या पात्या असतात. हवा पकडते ती या वळणामुळेच. धूळ नेमकी त्या खोलगटात बसते, ओलाव्याने घट्ट होते, आणि पाती सपाट होऊन जाते. चाक त्याच वेगाने फिरतं, आवाज तोच येतो, हवा मात्र निम्मीसुद्धा फेकली जात नाही.

एमसीबी, म्हणजे एसीची वीज तोडणारा पेटीतला स्विच, बंद करा. रिमोटने नव्हे, एमसीबीच. खालची झडप हाताने उघडून टॉर्च मारा आणि कापसाची काडी एका पातीच्या आतून ओढा. काडीवर राखाडी गादी आली तर सापडलं.

एका खोलीतल्या मशीनमध्ये माझ्या आधी लागोपाठ तीन मोसम गॅस भरला गेला होता. भरला की महिनाभर बरं, मग पुन्हा बर्फ. मी काडी ओढली तर ती पातीत रुतली, इतका थर. ब्लोअर बाहेर काढून धुतला. पाण्याचा रंग सांगत नाही. मग ते "महिनाभर बरं" का व्हायचं? कारण गॅस भरायला येणारा माणूस जाता जाता फिल्टर आणि कॉइलचा पुढचा भाग धुऊन जायचा. श्रेय गॅसला मिळायचं.

वरवरची धूळ लांब मऊ ब्रशने आणि थोड्या पाण्याने निघते, पण विजेच्या कार्डाच्या (मशीन चालवणाऱ्या सर्किटच्या) बाजूला, म्हणजे बहुधा उजवीकडे, एक थेंबही जाता कामा नये. ब्लोअर अख्खा बाहेर काढायचा असेल तर सवय असलेल्या माणसाला बोलवा. परत बसवताना तो किंचित तिरका बसला तरी घरघर कायमची.

पाचवी: कॉइल आणि सेन्सर

कॉइलच्या पुढच्या पत्र्यांवर धूळ असेल तर मऊ ब्रश वरून खाली, पत्र्यांच्या रेषेत फिरवा. आडवा फिरवला तर पत्रे दुमडतात आणि तिथे हवा कायमची अडते.

कॉइलवर तांब्याच्या छोट्या खिशात एक सेन्सर खोचलेला असतो. कॉइल शून्याकडे निघाली की कॉम्प्रेसर थांबवायचं काम त्याचं. कुणीतरी साफसफाई करताना तो खिशातून निसटतो आणि हवेत लोंबकळत राहतो. मग तो हवेचं तापमान सांगतो, कार्डाला वाटतं सगळं छान आहे, आणि बर्फ धरत राहतो. एमसीबी बंद असताना परत खोचा, झालं. मल्टिमीटर असेल तर सेन्सर काढून बर्फाच्या पाण्यात बुडवा. साध्या तापमानाला जो रोध दिसत होता, त्याच्या अडीच-तीन पट झाला पाहिजे. हललाच नाही तर सेन्सर गेला.

सहावी: आउटडोअर बघा, पाइप बघा

आउटडोअरच्या कॉइलवर कचरा असेल तर जरूर साफ करा, पण बर्फाचं खापर त्याच्यावर फोडू नका. आउटडोअर तुंबलं तर दाब वाढतो, कमी होत नाही. गारवा कमी होईल, बिल वाढेल, कॉम्प्रेसर तापून बंद पडेल. बर्फ त्यामुळे सहसा नाही.

तिथे जायचं ते पाइप बघायला. कोरडं मशीन सुरू करून पहिल्या वीस-तीस मिनिटांत बघा. नंतर बर्फ सगळीकडे पसरतो आणि चित्र पुसलं जातं.

जाड पाइप गार, घामेजलेला, आणि इनडोअरची कॉइल सगळीकडे सारखी गार, मग सारखीच पांढरी व्हायला लागलेली: हवा कमी आहे. वरच्या तपासण्यांत काहीतरी सुटलंय, परत जा.

बारीक पाइपावर आणि त्याच्या नटावर बर्फ, इनडोअरच्या कॉइलच्या एखाद्या कोपऱ्यातच पांढरा पट्टा, बाकी कॉइल कोरडी आणि कोमट, जाड पाइप हाताला गारच नाही: गॅस खरोखर कमी असायची दाट शक्यता. थोडा द्रव आत येतो, पहिल्या दोन-चार वेढ्यांतच उकळून संपतो, आणि पुढच्या कॉइलला करायला काही उरत नाही.

असं दिसलं तर मशीन बंद करून पाइपांच्या जोडांवर टॉर्च मारा. गॅससोबत कॉम्प्रेसरचं तेलही फिरत असतं, ते गळतीतून झिरपतं आणि त्याला धूळ चिकटते. जोडावर काळपट तेलकट डाग म्हणजे जवळजवळ कबुलीजबाब. साबणाचा दाट फेस लावून बघा, आणि तो मशीन बंद असताना लावा. चालू मशीनमध्ये जाड पाइपातला दाब गेजवर जेमतेम आठ-नऊ बार असतो. बंद करून थोडा वेळ गेला की दोन्ही बाजूंचा दाब समान होतो, आणि ३० अंशांच्या हवेत तो १८ बारच्या पुढे जातो. तीच गळती दुप्पट जोराने फुगे काढते. काडी पेटवून किंवा लायटरने मुळीच बघू नका. आर-३२ पेटू शकतो, काही एसींमध्ये असणारा आर-२९० म्हणजे तर सरळ प्रोपेन.

फुगे आले तरी नट पान्याने आवळू नका. आतलं तांबं कर्ण्यासारखं पसरवलेलं असतं. जास्त आवळलं की चिरतं, आणि थेंबाथेंबाची गळती एकदम मोठी होते.

इथे थांबा

गॅसच्या वाटेवरचं काहीही उघडायचं असेल तर ते तुमचं काम नाही. तसंच एमसीबी वारंवार पडत असेल, जळका वास येत असेल, कॉम्प्रेसर गुरगुरून थांबत असेल, तर वरच्या तपासण्याही सोडा आणि प्रशिक्षित माणसाला बोलवा. आउटडोअरमधला कपॅसिटर वीज बंद केल्यावरही झटका देऊ शकतो.

पण बोलावल्यावर तो काय करतो याकडे लक्ष ठेवा. बंद मशीनला गेज लावून "प्रेशर कमी आहे, गॅस कमी आहे" असं कुणी म्हणालं तर सावध व्हा. शाळेत शिकलेलं असतं की डब्यातला वायू निम्मा केला की दाब निम्मा होतो. ते खरं आहे, पण डब्यात नुसता वायू असेल तरच. इथे आत द्रव आणि वाफ दोन्ही आहेत. थोडी वाफ काढून घेतली तर लगेच तेवढा द्रव उकळतो आणि जागा भरून काढतो. द्रवाचा शेवटचा थेंब शिल्लक असेपर्यंत दाब फक्त तापमान सांगतो. ३० अंशांना बंद मशीनमध्ये सातशे ग्रॅम आर-३२ असो की चारशे, काटा त्याच जागी.

चालू मशीनवरचा दाब काही तरी सांगतो, पण तो हवेवरही अवलंबून असतो. फिल्टर तुंबलेला असताना गेज कमीच दाखवणार. त्या आकड्यावर भरोसा ठेवून गॅस ओतला की मशीनमध्ये गरजेपेक्षा जास्त होतो. पुढे कुणीतरी फिल्टर धुतो, दाब चढतो, न उकळलेला द्रव कॉम्प्रेसरपर्यंत जातो. कॉम्प्रेसर वाफ दाबायला बनवलेला असतो, द्रव दाबला जात नाही. हा बिघाड मात्र कॉम्प्रेसर बदलूनच संपतो.

गॅस वजनाने भरायचा. किती ग्रॅम आणि कोणता, ते मशीनच्या पट्टीवर छापलेलं असतं. आणि त्याआधी तीन कामं, याच क्रमाने.

पहिलं, उरलेला गॅस सिलिंडरमध्ये काढून घेणं. हवेत सोडणं नव्हे. शंभर वर्षांच्या हिशेबात एक किलो आर-३२ हवेला सुमारे ६७५ किलो कार्बन डायऑक्साइडइतका तापवतो.

दुसरं, कोरडा नायट्रोजन भरून गळती शोधणं. ऑक्सिजन कधीच नाही. दाबाखालचा ऑक्सिजन आणि आतलं तेल एकत्र आले की स्फोट होतो. नायट्रोजन इथे नुसता वायूच राहतो, म्हणून त्याला शाळेतला नियम बरोबर लागू पडतो, आणि त्यातच एक गंमत होते. संध्याकाळी ३० अंशांना गेजवर २० बार ठेवले आणि सकाळी २२ अंशांना बघितलं तर साडेएकोणीसच दिसतील. गळती नाही. निरपेक्ष दाब २१, तापमान ३०३ केल्विनवरून २९५ वर आलं, एकवीसचे साडेवीस झाले, त्यातला एक बार वातावरणाचा. सकाळी १९ दिसले तर मात्र अर्धा बार खरोखर गेलाय. म्हणून दाबासोबत त्या वेळचं तापमानही लिहून ठेवायला सांगा. ते न लिहिल्यामुळे नसलेली गळती दिवसभर शोधणारे मी बघितलेत.

तिसरं, व्हॅक्यूम. नुसती हवा काढणं हा अर्धाच हेतू. खरा शत्रू आत शिरलेलं पाणी, आणि ते पंपाने द्रव म्हणून ओढता येत नाही, त्याची वाफच करावी लागते. ३० अंशांना पाणी उकळायला दाब ४.२ किलोपास्कलच्या खाली न्यावा लागतो. पंप त्याच्या कितीतरी खाली, ५०० मायक्रॉनपर्यंत (व्हॅक्यूममधला दाब मोजायचं एकक) जातो, म्हणजे वातावरणाच्या साधारण पंधराशेव्या हिश्शापर्यंत. तिथे गेल्यावर पंपाची वाट बंद करून दहा मिनिटं थांबायचं. काटा थोडा चढून स्थिरावला तर आत अजून ओल आहे. चढतच राहिला तर भोक आहे. "पाच मिनिटं पंप लावला, झालं" याला व्हॅक्यूम म्हणत नाहीत. राहिलेलं पाणी बारीक नळीच्या तोंडाशी गोठतं, गारवा बंद पडतो, वितळलं की पुन्हा सुरू. तुम्हाला वाटतं जुनाच बर्फाचा आजार परतला, आणि पुन्हा कुणीतरी म्हणतं, गॅस संपलाय.

काम झाल्यावर मी आउटडोअरच्या झाकणाच्या आतल्या बाजूला एक चिकटपट्टी लावतो: तारीख, गळती कुठे सापडली, किती ग्रॅम भरला, आणि पंधरा मिनिटांनंतर दोन थर्मामीटरमध्ये किती फरक आला. पुढच्या वेळी बर्फाची तक्रार आली की आधी फिल्टर धुतो, मग तोच फरक पुन्हा मोजून त्या आकड्याशी ताडून बघतो.